पाण्यातले चार फूट

मामूंना पाण्याची भीती वाटायची. भीती म्हणजे साधीसुधी नाही, दहशतच! अंघोळ ते एका तांब्यात उरकत. भरलेली बादली दिसली की म्हणत, "एवढं पाणी कशाला? मी काय म्हैस आहे?" जमिनीच्या भांडणाचे फोटो घेऊन त्यांना अधूनमधून वडगावच्या कोर्टात जावं लागे. तेव्हा वाटेत नदीचा पूल यायच्या आधीच ते गाडीत डोळे घट्ट मिटून बसत आणि शेजारी जो कोण अनोळखी माणूस असेल त्याला विचारत, "गेला का पूल?" एकदा एका चावट माणसानं त्यांना तळेगावपर्यंत "नाही अजून, नाही अजून" म्हणत डोळे मिटून बसायला लावलं होतं. वडगाव मागं राहिलं आणि कोर्टात तारीख पडली.

अशा माणसानं मला पाण्याखाली फोटो काढायचा कॅमेरा करून दिला. आता बोला!

लोणावळ्याच्या बाजारात, मुख्य रस्त्यापासून जरा आत, त्यांचा स्टुडिओ होता. पुढं स्टुडिओ आणि मागं घर, मधे एक पडदा. पडद्याच्या पलीकडून मामींचा कांदा परतल्याचा वास आला की फोटोला बसलेली गिऱ्हाइकं आपोआप हसरी व्हायची. मामूंचं खरं नाव पाटीवर लिहिलेलं होतं, पण सगळा बाजार त्यांना मामूच म्हणायचा. हिंदू, मुसलमान, वाण्याच्या दुकानातला म्हातारा मुनीम, सगळे. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही मामूच म्हणत आणि मामूंना त्यात काही वावगं वाटत नसे.

त्यांचं वेड म्हणजे अंतर. कॅमेऱ्याला अंतर लावावं लागतं, म्हणजे समोरचा माणूस किती फुटांवर आहे ते भिंगावरच्या आकड्याला सांगावं लागतं. दुसरे फोटोवाले टेप लावत. मामू नुसते बघत आणि सांगत, "साडेसहा." आपण टेप लावावी तर साडेसहा! पैजा लागायच्या. पानवाल्याच्या खोक्यापासून दुकानाची पायरी, पायरीपासून दिव्याचा खांब. मामू कधी हरले नाहीत. एकदा कार्ल्याला लग्नात ऐन मंगलाष्टकांत ते ओरडले, "थांबा! नवरा चार इंच पुढं सरकलाय!" भटजींनी डोळे वटारले. नवरदेव बिचारा चार इंच मागं सरकला, फोटो निघाला आणि मग उरलेलं लग्न लागलं. मुलीच्या बापाला घाम फुटला होता, पण फोटो हातात पडल्यावर त्यानं स्वतः येऊन मामूंना लाडू दिले.

"सदऱ्याच्या बटणाची भोकं दिसली पाहिजेत," मामू म्हणत. "नाही दिसली तर तो फोटो नाही, डाग आहे डाग!" आणि असा डाग निघालाच तर गिऱ्हाइकासमोर टराटरा फाडून टाकत. गिऱ्हाईक बिचारं म्हणत राही, "अहो, चालला असता की!"

माझी आणि त्यांची गाठ पडली ती मात्र लग्नाच्या फोटोसाठी नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मुंबईच्या गोदीत तीन महिने पाणबुड्याचं शिक्षण घेऊन लोणावळ्याच्या बाजूच्या एका धरणावर नोकरीला लागलो होतो. धरणाचं नाव मुद्दाम सांगत नाही, उगाच कुणाला त्रास नको. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर रबरी चौकटीची काच, कमरेला दोरी. खाली जायचं, जाळीला अडकलेल्या फांद्या आणि गवत काढायचं आणि वर यायचं. वर दोरी धरायला आबा असत. डोंगरावरच्या वाडीतले, साठीच्या घरातले, सुकलेल्या खारकेसारखे. "तुमी खाली जावा बिनघोर. दोरी माज्या हातात हाय," असं ते म्हणाले की मला आईनं सांगितल्यासारखं वाटे.

धरणाच्या पोटात पाणी सोडायचा बोगदा होता आणि त्याला एकामागे एक असे दोन दरवाजे. एक पाण्याच्या बाजूला, दुसरा आत. आतला गंजला होता. तो काढून नवा बसवायचं ठरलं. त्यासाठी बारा माणसं बोगद्यात उतरणार होती आणि तेवढे दिवस सगळं धरण एकट्या बाहेरच्या दरवाजानं अडवून धरायचं होतं. त्या बारांत आबाही होते.

आणि नेमका तो बाहेरचा दरवाजा मी पाहिला. पस्तीस फूट खाली. त्याची तळाची लाकडी तुळई कोपऱ्यात तुटून गेली होती. तिथं खाच पडली होती आणि खाचेत फांद्या, गवत, गाळ गच्च बसला होता. त्या बुचामुळं पाणी नुसतं पाझरत होतं, म्हणून वर कुणाला काही कळत नव्हतं. पण बूच सुटलं तर? मी पाण्यातच थंडगार पडलो. खाचेत हात घातला नाही. दरवाजाजवळच्या भोकात हात घालायचा नाही, हे गोदीत पहिल्याच दिवशी आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. डोळ्यांनीच माप घेतलं, वर आलो आणि ओल्या अंगानं धावत धरणावरच्या साहेबांकडे गेलो.

"साहेब, खालची तुळई तुटलीय. आठ इंच उंचीची खाच आहे."

साहेबांनी शांतपणे दरवाजाचा नकाशा उघडला. "ही तुळई किती जाड आहे, माहीत आहे?"

"नाही साहेब."

"सहा इंच. सहा इंचांच्या लाकडाला आठ इंचांची खाच पडली?"

मी नकाशात वाकून बघितलं, आकडा सहाचाच होता.

"पहिल्या वर्षी खाली भीती वाटते. भलतंसलतं दिसतं," साहेब म्हणाले. "पाझर सगळ्याच दरवाजांना असतो. तीन आठवड्यांनी, सोमवारी, माणसं उतरतील. तोवर तुझ्याकडे पुरावा असेल तर आण. नसेल तर तोंड बंद ठेव. माणसांत घबराट पसरवलीस तर नोकरी गेली म्हणून समज."

माझ्या कानशिलाला आग लागली. खोटारडा ठरलो होतो आणि वर भित्राही! पण रागापेक्षा मोठी होती ती धडकी. मला डोळ्यांसमोर आबा दिसत होते, बोगद्यात, हातात पाना घेऊन.

पुरावा म्हणजे फोटो. गोदीत मी एका परदेशी मासिकात पाण्याखाली काढलेले फोटो पाहिले होते आणि तेव्हापासून माझ्या मनात एक कॅमेरा पोहत होता. संध्याकाळी मी थेट मामूंकडे गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "बारा माणसं?" मी म्हटलं, "बारा." मामूंनी दुकानाची फळी अर्ध्यावर ओढली, म्हणजे त्या दिवसापुरतं दुकान बंद झालं. "बस," म्हणाले. "कॅमेरा निवडू."

काय सांगू ते दिवस! माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

पहिल्यांदा आम्ही तुंगार्लीच्या बाजूला बंगला असलेल्या मुंबईच्या एका शेठजींकडे गेलो. त्यांच्याकडे खास पाण्यात चालणारा परदेशी कॅमेरा होता. डबा नको, पिशवी नको, तसाच पाण्यात न्यायचा. तो हातात आल्यावर मला घाम फुटला, इतका देखणा. शेठजी मनानं मोठे होते. "ले जाव महिनाभर," म्हणाले. मी तर मनातल्या मनात पाण्यात उडी मारलीसुद्धा. पण मामू त्या कॅमेऱ्याला चोहीकडून असं बघत होते, जसं मुलीच्या बापानं स्थळ बघावं.

"शेठजी, याचा दिवा?"

"दिवा वेगळा. त्याचे बल्ब बाहेरदेशातून येतात. दोन महिने लागतील."

मामूंनी कॅमेरा माझ्या हातातून काढून परत दिला. मला रडू यायचं बाकी होतं. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "पस्तीस फूट खाली, गाळाचं पाणी. तिथं उजेड किती?"

"संध्याकाळच्या सातइतका."

"मग तो कॅमेरा खाली जाऊन काय करणार? झोपणार? पोरा, आधी दिवा निवडायचा. मग भिंग. मग डबा. कॅमेरा सगळ्यात शेवटी."

हे मी जन्मभर विसरलो नाही. पुढं कितीतरी नव्या पोरांना हेच सांगितलं, आणि त्यांचीही तोंडं माझ्यासारखीच पडली.

दिव्याला बाजारात मिळणारे फ्लॅशचे साधे बल्ब घ्यायचे ठरले. एकदा पेटला की संपला, असले. मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवू. मामूंनी कपाळावर हात मारला. "घाटात धुकं असलं की ट्रकवाले काय करतात? दिवे खाली करतात. समोर लावले तर पांढरी भिंत दिसते, रस्ता नाही. तुझं पाणी म्हणजे धुकंच. दिवा बाजूला हवा, हातभर लांब." मामू लोणावळ्यात जन्मले होते. धुक्यातलं त्यांना मी काय सांगणार?

मग कॅमेरा. त्यांच्याकडे तीन होते. एक तिवईवरचा, काळ्या कापडाचा. दुसरा दोन भिंगांचा, वरून वाकून बघायचा. तिसरा तळहाताएवढा, डोळ्याला लावायचा. मला दोन भिंगांचा हवा होता. तो गळ्यात अडकवला की माणूस कुणीतरी वाटतो, हे खरं कारण. बाहेर मात्र मी सांगितलं, "त्याचा फोटो मोठा निघतो."

"पाठीवर टाकी, तोंडावर काच, आणि तू वाकून वरून बघणार? लहान घे. लहान कॅमेरा, लहान डबा. लहान डबा, लहान झाकण. लहान झाकण, कमी गळती. आणि जितकं जवळ जाशील तितकं मधलं पाणी कमी."

लहानच घेतला.

डब्यावरून मात्र घरात युद्ध पेटलं. मामींच्या भावानं त्यांना नवाकोरा कुकर दिला होता. त्या दिवशी त्याची शिट्टी झाली आणि मामू ताडकन उठले. "हाच! वाफ बाहेर जात नाही, तर पाणी आत कसं येईल?"

"हात लावून बघा माझ्या कुकरला!" मामी पडद्याआडून गरजल्या. मग स्वतःच बाहेर आल्या, पदराला हात पुसत. "आणि अक्कल कुठं ठेवलीत? याचं झाकण आतून बसतं. वाफ आतून ढकलते म्हणून घट्ट होतं. तुमचं पाणी बाहेरून ढकलणार. झाकण आत पडेल की!"

मामी चौथीपर्यंत शिकलेल्या. "म्हणजे झाकण बाहेरून हवं," मामू हळूच म्हणाले.

"आता कसं! आणि मधलं रबर हवं तर नेऊन दाखवा तांबटाला. पण परत आणायचं."

तळेगावच्या तांबटानं पितळेचा डबा करून दिला. पुढं जाड काच, मागं बाहेरून दाबून बसणारं झाकण, मधे कुकरच्या रबरासारखं कडं. बटण दाबायला आणि फिल्म पुढं सरकवायला अशा दोन दांड्या बाहेर काढल्या होत्या आणि तिथून पाणी शिरू नये म्हणून नळाच्या चावीला गुंडाळतात तसं तेलकट सूत गुंडाळलं होतं. पुढं चार फुटांची बांबूची काठी पक्की बांधली आणि टोकाला एक फूटपट्टी. काठीचं टोक तुळईला टेकवायचं, म्हणजे अंतर बरोब्बर चार फूट. अंदाजाला जागाच नाही. मामू खूश.

डबा गळतो का, ते बघायची युक्तीही मामींचीच. आत पापड ठेवायचा! ओल शिरली तर पापड लोळागोळा होतो. पहिल्या खेपेला मी डबा धरणात सोडला आणि वर काढला तर पापडाचं कातडं झालेलं. सूत पुन्हा गुंडाळलं. दुसऱ्या खेपेला पापडाची एकच कड नरम. तिसऱ्या खेपेला आबांनी झाकण उघडून पापड मोडला. कट्! "वाजला!" आबा ओरडले आणि तो पापड आम्ही दोघांनी तिथंच धरणाच्या भिंतीवर बसून खाल्ला. असला चविष्ट पापड मी पुन्हा खाल्लेला नाही.

शुक्रवारी कॅमेरा डब्यात गेला. मामूंनी स्वतः भिंगावर चारचा आकडा लावला आणि डब्याला हात लावून काहीतरी पुटपुटले. मी खाली गेलो, काठी टेकवली, तीन फोटो घेतले. डबा कोरडा, बल्ब पेटले, सगळं झ्याक. मी वर आलो तो नाचतच.

आणि फोटो आले ते डाग! तिन्ही. ओल्या बोटानं पुसल्यासारखे. तुळई कुठं, खाच कुठं, फूटपट्टी कुठं, काही पत्ता नाही.

"हललास तू," मामू म्हणाले.

"काठी टेकवली होती! हलेन कसा?"

"मग भिंग हललं का? या दुकानात हाच कॅमेरा चार फुटांवर बटणाची भोकं दाखवतो!"

"तुमची काच भिकार असेल!"

"माझी काच?" मामू उभे राहिले. "चालता हो."

मी चालता झालो. रात्रभर डोळा लागला नाही. सोमवार आ वासून उभा आणि आम्ही दोघं भांडत बसलेलो!

शनिवारी सकाळी मामूंचा निरोप आला. जाऊन बघतो तर मागच्या अंगणात, फोटो धुवायच्या लांबलचक हौदापाशी मामू उभे, चेहरा पांढराफटक. या हौदात ते स्वतः कधी बोट बुडवत नसत, सगळं चिमट्यानं. "तुझी ती काच आण," म्हणाले, "तोंडावर लावायची. पाण्यात काय होतं ते मला बघायचंय."

"मामू, तुम्ही?"

"मग काय तुझ्या बापाला पाठवू? आण म्हणतो ना!"

काठी डब्यापासून सोडवून पट्टीसकट हौदात आडवी ठेवली. पट्टीच्या उलट टोकाशी उभं राहून मामूंनी तोंडावर काच चढवली. मामींनी मागून त्यांचा सदरा दोन्ही मुठींत धरला. "बोट भिजवत नाही हा माणूस, आणि आज डोकं घालतोय," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मामूंनी डोकं घातलं आणि लगेच बाहेर. "या अल्ला!" पुन्हा घातलं, पुन्हा बाहेर. मला वाटलं, पुरे आता, नको. पण तिसऱ्यांदा डोकं गेलं ते गेलंच. मामी घाबरून सदरा ओढायला लागल्या. पाण्यातून बुडबुडे आले, आणि बुडबुड्यांमागून मामू.

"तीन!"

"काय तीन?"

"पट्टी! तीन फुटांवर आहे!"

"मामू, काठी चार फुटांची आहे. तुम्हीच कापलीत."

"मला शिकवू नकोस. माझा डोळा तीन म्हणतोय."

काठी बाहेर काढली, टेप लावली. चार. आत ठेवली, मामूंनी डोकं घातलं. तीन. पुन्हा. तीन. मग ते हौदाच्या कडेवर बसले. दाढीतून पाणी ठिबकत होतं आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं.

"पोरा, चूक माझी," ते सावकाश म्हणाले. "मी भिंगाला काठी सांगत होतो. भिंगाला काठी कुठं दिसते? पाणी दाखवील ते दिसतं त्याला. पाण्यात चाराचे तीन दिसतात. माझ्या डोळ्याला दिसले, तसे त्यालाही. खोटं दिसतं तर खोटंच लावायला हवं. तीन लाव!"

पाण्यात वस्तू जवळ दिसतात, मोठ्या दिसतात, हे गोदीत आम्हाला सांगितलं होतं. आम्ही हसलो होतो आणि विसरलो होतो. मोठ्या दिसतात... माझ्या डोक्यात लख्खकन वीज चमकली. मी काच हिसकावली आणि स्वतः डोकं घातलं. पट्टीवरचे सहा इंच बघितले. ते सहासारखे दिसतच नव्हते, चांगले आठ दिसत होते!

"मामू! आठ नव्हतीच ती! सहाच होती! सगळी तुळईच गेलीय कोपऱ्यातली!"

"अरे, म्हणजे साहेबाचा नकाशा खरा!"

"आणि मी पण खरा!"

आम्ही एकमेकांना मिठी मारून उड्या मारायला लागलो, भिजलेले, ओरडत. मामी म्हणाल्या, "डोकी फिरली दोघांची," आणि डोळे पुसत आत गेल्या.

रविवारी सकाळी मामू धरणावर आले. पाण्याकडे पाठ करून, छत्री उघडून, चाळीस पावलांवर उभे राहिले आणि तिथूनच ओरडत राहिले, "तीन लावलंय ना?"

"मामू, हिकडं तोंड करा की जरा," आबा हसले.

"तू दोरी बघ!"

"दोरीला कायबी व्हत न्हाई. पन तुमचं काळीज तुटंल आसं वाटतंया."

मी खाली गेलो. काठी टेकवली. बटण दाबलं. बल्ब पेटला आणि पापणी लवायच्या आत सगळा दरवाजा पांढराशुभ्र उभा राहिला. खिळे, शेवाळ, तुटलेल्या लाकडाचे तंतू, खाचेतून बाहेर आलेल्या फांद्या. मला तोंडात नळी असताना हसू फुटलं आणि घोटभर पाणी पोटात गेलं. चार बल्ब, चार फोटो.

दुपारी काळ्या खोलीत लाल दिव्याखाली कागदावर आधी खिळ्यांची डोकी उमटली. मग पट्टीवरचे आकडे. एक, दोन, तीन, वाचता येतील असे. मग खाच, बरोबर शून्यापासून सहापर्यंत. मामूंनी माझ्या मानेवर हात ठेवला, बस्स.

ओला फोटो वर्तमानपत्रात ठेवून आम्ही साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेब झोपेतून उठून आले, लेंग्यावर. फोटो खिडकीशी नेला. भिंग आणलं. पट्टीवरच्या रेघा मोजल्या. "सहा," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू आठ म्हणाला होतास."

मी तोंड उघडायच्या आत मामू पुढं झाले. "साहेब, पाण्यात सहाचे आठ दिसतात. पोरगं खोटं बोललं नाही, दिसलं तेच बोललं. घरात पाण्याचं पिंप आहे? डोकं घाला, आत्ता दाखवतो."

दारात उभ्या असलेल्या बाईसाहेब फस्सकन हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी फोटो जपून टेबलावर ठेवला. "मी तुला भित्रा म्हणालो," ते मला म्हणाले. "चुकलो." आणि त्यांनी टेलिफोन उचलला. माझा जीव भांड्यात पडला.

सोमवारी कुणी उतरलं नाही. साहेबांनी वरूनच लांब आकडा सोडून खाचेतल्या फांद्या ओढायला लावल्या. आतला जुना दरवाजा वर उचलून ठेवला होता आणि बोगदा मोकळा होता. पहिली फांदी निघाली, दुसरी निघाली, आणि मग खालून असा आवाज आला की आम्ही सगळे दोन पावलं मागं सरलो. बोगद्याच्या तोंडातून गार, चिखलाच्या वासाचा वारा आला. पाठोपाठ पाणी. आबांनी विडी पेटवायला काडी ओढली होती. ती बोटांना चटका देईपर्यंत, जिथं माणसं बसून काम करणार होती ती जागा भरून बोगद्यात उतरायच्या शिडीच्या निम्म्या पायऱ्या बुडाल्या होत्या.

"आमी तितंच बसलो असतो," आबा म्हणाले. "सकाळच्याला भाकर सोडून."

मामूही आले होते, तिवईवरचा मोठा कॅमेरा घेऊन. का आणला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आबा त्यांच्यापाशी गेले आणि डोक्यावरचं मुंडासं नीट करत म्हणाले, "मामू, आमचा येक फोटू काडा. समद्यांचा."

माणसं धरणाच्या भिंतीवर दाटीवाटीनं उभी राहिली. कुणी अजून शिडीकडे वळून बघत होतं, कुणी उगाचच खोकत होतं. मामूंनी कापडात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि नुसतेच उभे राहिले. त्यांचं बोट हवेत हळूहळू सरकत होतं, डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे.

"बारा," ते म्हणाले. "बाराच्या बारा आहात. हसा आता, लेको!"